चोवीस काड्यांचा कंदील

रात्रीचे साडेनऊ झालेले असतात, स्टेशनरीच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलेलं असतं, तरी काउंटरसमोर चार-पाच पालक उभे असतात. दुसऱ्या दिवशी शाळेत ‘टाकाऊतून टिकाऊ’ची स्पर्धा आहे. त्यासाठी ग्लिटर हवं असतं, फोम शीट हवी असते, ग्लू गनच्या कांड्या, चिकटवायचे मणी, आइस्क्रीमच्या काड्यांचं नवंकोरं पाकीट. घरात रिकामी बाटली नसेल तर शीतपेयाची भरलेली बाटली विकत घेतली जाते आणि घरी नेऊन रिकामी केली जाते. मग आई-बाबा मध्यरात्रीपर्यंत कापत, चिकटवत बसतात. सकाळी मूल ती वस्तू जपून शाळेत नेतं. आठवडाभर ती टेबलावर मांडलेली असते आणि नंतर शाळेच्या कचऱ्यात जाते. त्या वस्तूत मुलाच्या हातचं काय होतं, तर बहुतेक वेळा वर चिकटवलेली नावाची चिठ्ठी.

शाळांचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. मुलांचे हात चालावेत, वाया जाणारी वस्तू कामी यावी, हे शिकवायलाच हवं. पण स्पर्धा आली, गुण आले, की चकाकणाऱ्या वस्तूला बक्षीस मिळतं. चकाकी दुकानात मिळते, म्हणून पालक दुकानात जातात. या साखळीत मूल कुठेच नाही आणि टाकाऊही कुठेच नाही.

सणांच्या सजावटीचं तेच झालं आहे. गौरी-गणपतीचं मखर खोक्यातून येतं, तोरण प्लास्टिकच्या झेंडूचं असतं, दिवाळीचा किल्लासुद्धा आता प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये तयार मिळतो. किल्ला खरं तर माती, फुटक्या विटा, दगड आणि एक जुनं पोतं एवढ्यात उभा राहत आला. हिरवळीसाठी मोहरी किंवा हळीव पेरायचे, चार-पाच दिवसांत कोंब वर येतात. विकत काय घ्यायचं, तर कुंभारवाड्यातले मावळे आणि सिंहासनावरचे महाराज. महाराष्ट्रातल्या मुलांना हे कोणत्याही अभ्यासक्रमानं शिकवलेलं नाही. वरच्या मजल्यावरचा दादा करत होता, त्याला माती कालवून देता देता धाकटे शिकले. घरगुती हस्तकलेचं शिक्षण असंच होत आलं आहे, आणि तयार वस्तू घरात आली की पहिल्यांदा तेच बंद पडतं. पैसे किती वाचले हा त्यानंतरचा हिशेब.

आकाशकंदिलाचंच उदाहरण घ्यावं.

बांबूच्या चोवीस काड्या लागतात, सगळ्या एका मापाच्या. घरच्या कंदिलाला वीतभर लांबी पुरते. काड्या नीट तासलेल्या हव्यात, नाहीतर कुसळ बोटात जातं. चार-चार काड्यांचे सहा चौकोन बांधायचे. गाठ साध्या दोऱ्याची, पण दोन्ही बाजूंनी फुली मारून घट्ट आवळलेली. मग चार चौकोन टोकावर उभे धरायचे आणि शेजारच्याशी कोपऱ्याला कोपरा बांधत फेर पुरा करायचा. उरलेल्या दोन चौकोनांपैकी एक वर आडवा बसतो, एक खाली. त्यांचे कोपरे उभ्या चौकोनांच्या टोकांवर बरोबर येतात, तिथे ते बांधायचे. एवढं झालं की सांगाडा हातात धरून फिरवून बघावा. एकही त्रिकोण बांधलेला नसताना चौकोनांच्या मधल्या जागांत आठ त्रिकोण तयार झालेले असतात. सहा चौकोन, आठ त्रिकोण, चौदा बाजू. भूमितीच्या पुस्तकात या आकृतीला भारदस्त नाव आहे. चाळीच्या गॅलरीत बसून कंदील बांधणाऱ्या कित्येक पिढ्यांनी ते नाव कधी ऐकलं नाही, पण आकृती त्यांच्या बोटांत होती.

पुढची गंमत याहून मोठी आहे. बांधून झालेला सांगाडा डुगडुगतो. एका कोपऱ्यावर दाब दिला तर सगळा आकार तिरका होतो. गाठी सैल राहिल्या असं मुलांना वाटतं आणि ती पुन्हा पुन्हा आवळतात. कारण गाठीत नसतं. चार काड्यांचा चौकोन दाबला की तिरपा होतो, तीन काड्यांचा त्रिकोण होत नाही. त्यामुळे आठ त्रिकोण आपला आकार सोडत नाहीत, पण सहा चौकोन दबतात. चौकोनात एक तिरपी काडी बांधली तर त्याचे दोन त्रिकोण होतात आणि तो आकार धरतो. जुने हात मात्र ती काडी टाळतात, कारण दिवा लागला की तिची सावली कागदावर पडते. ते कागद नीट ताणून लावतात. चारही कडांना चिकटलेला ताणलेला कागद चौकोनाला तिरपं होऊ देत नाही. इतका हलका पतंगी कागद बांबूचा सांगाडा ताठ धरतो, हे एकदा हातानं अनुभवलेलं मूल पुलाच्या लोखंडी तुळयांमधले त्रिकोण पुढे कधी बघितलं तर थांबून बघेल.

कागद लावायची रीतही ठरलेली आहे. काडीच्या मापापेक्षा सगळीकडून अर्धा इंच मोठा कापायचा, कडेला खळ लावायची आणि काडीभोवती मुडपून घ्यायचा. खळ ओली असेपर्यंत कागद सुरकुतलेला दिसतो. वाळला की आपोआप ताणला जातो, म्हणून घाई करायची नाही. चौकोनांना एक रंग, त्रिकोणांना दुसरा. वरचा चौकोन उघडा ठेवायचा, त्यात एक आडवी काडी बांधून बल्ब सोडायचा. खालचाही उघडा, त्याच्या कडेला झिरमिळ्या. काड्यांवरून सोनेरी कागदाची पट्टी फिरवली की जोड झाकले जातात. खळीसाठी दोन चमचे मैदा वाटीभर पाण्यात कालवून गुठळी न होऊ देता मंद आचेवर दाट करायचा. बुकबाइंडर खळीला कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालत. मुलांच्या हातात जाणाऱ्या खळीत ते घालू नये, ते विषारी असतं. शिवाय कंदिलाला तुळशीच्या लग्नापर्यंतच टिकायचं असतं. पूर्वी साठ वॅटच्या पिवळ्या बल्बनं कागद तापून करपायचा. आता पाच-सात वॅटचा एलईडी पुरेसा उजेड देतो आणि कागद सांभाळतो. जुन्या कृतीला नव्या वस्तूनं दिलेली ही खरी मदत आहे, ती नाकारण्याचं कारण नाही.

या कृतीत वेळ किती जातो? पहिल्यांदा करणाऱ्या घराची एक अख्खी दुपार जाते. तिसऱ्या वर्षी निम्म्याहून कमी. सांगाडा जपून ठेवला तर पुढच्या वर्षी फक्त कागद बदलायचा. बाजारातला प्लास्टिकचा कंदील खोक्यात घालून माळ्यावर ठेवला तरी दोन-तीन वर्षांत त्याचा रंग उडतो, कोपरा तडकतो आणि दुरुस्त करायला त्यात काही नसतं. कागदाचा कंदील फाटला तर तेवढाच कागद बदलता येतो. दुरुस्त करता येणं हा स्वस्ताईचा खरा निकष मानायला हवा. दुकानातली किंमत त्यानंतर बघावी.

काड्या आणि भूमितीचं हे नातं ज्यांनी देशभरातल्या मुलांपर्यंत नेलं, त्या अरविंद गुप्तांचं काम मराठी वाचकांना नवं नाही. आयआयटी कानपूरमधून अभियंता होऊन बाहेर पडलेले गुप्ता १९७०च्या दशकाच्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्या सामानातून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घन, मनोरे बनवून दाखवले. नळीचा छोटा तुकडा हा सांधा आणि काडी ही बाजू. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं रद्दी कागद, स्ट्रॉ, जुन्या बाटल्या, फेकलेल्या पेनांच्या नळ्या यांतून खेळणी बनवली आणि त्यांच्या कृती सगळ्यांसाठी मोफत खुल्या केल्या. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांमध्ये एक गोष्ट सहज लक्षात येते: त्यांत रंगरंगोटी जवळजवळ नसते. खेळणं चालतं, फिरतं, वाजतं, उडतं. शाळेच्या प्रदर्शनातल्या वस्तू बहुधा नुसत्या बसून असतात.

महाराष्ट्राला हा विचार त्याही आधीपासून ठाऊक आहे. १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण ही कल्पना मांडली आणि त्यातून नई तालीम उभी राहिली. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यात सामील झाल्या आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरी पद्धतीची लाकडी साधनं महाग होती, आदिवासी पाड्यात ती येणार कुठून? दोघींनी ती पद्धत सोडली नाही, साधनं मात्र बदलली. चिंचोके, शंखशिंपले, गोटे, पानं, माती यांनी मुलं मोजायला, निवडायला, रचायला शिकली. आज नामांकित बालवाड्यांमध्ये ‘नैसर्गिक साहित्य’ म्हणून पाकिटात भरलेले शिंपले विकत आणले जातात. ते पाकीट न आणता मुलांना शाळेच्या आवारात दहा मिनिटं वेचायला सोडलं तर काम होईल, आणि वेचताना पारख होते ती वेगळीच.

सजावटीच्या बाबतीत सरकारनं काही वाटा बंद केल्या आहेत, हे बरंच झालं. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरिन. त्यात जवळजवळ सगळी हवाच असते, म्हणून ते हलकं, स्वस्त आणि कापायला सोपं. मखरांसाठी मराठी घरांनी ते कित्येक वर्षं मनापासून वापरलं, आणि त्यातून काही कारागीर अप्रतिम कोरीव काम करत, हेही खरं. पण ते कुजत नाही, त्याचे मणी सुटून नाल्यात आणि समुद्रात जातात. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारनं प्लास्टिकबंदीत सजावटीच्या थर्माकोललाही घेतलं. त्याच वर्षी थर्माकोलचं काम करणाऱ्यांनी गणेशोत्सवापुरती सवलत मागितली, ती मुंबई उच्च न्यायालयानं नाकारली. १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेल्या एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या बंदीतही सजावटीचं थर्माकोल आहे. युरोपीय संघानं ऑक्टोबर २०२३ पासून प्लास्टिकच्या सुट्या ग्लिटरची विक्री बंद केली. आपल्याकडे ते प्रत्येक शाळेच्या दप्तरात आहे.

अडचण अशी की थर्माकोल गेलं आणि त्याच्या जागी सनबोर्ड, फोम आणि कापडासारखी दिसणारी प्लास्टिकची फुलं आली. एक वस्तू बंद केली की बाजार दुसरी आणून ठेवतो. घरातल्या हातांना काय येतं, हा प्रश्न कायद्यानं सुटत नाही.

मखरासाठी घरातच किती असतं, हे जुन्या साड्यांची घडी उघडल्यावर कळतं. साडेपाच मीटरची सुती साडी दोरीवर आडवी टाकून सारख्या चुण्या घातल्या की लांबी निम्मी होते, म्हणजे आठ-नऊ फूट रुंद आणि पावणेचार फूट उंच पडदा तयार होतो. पाटावरच्या दीड फुटी मूर्तीमागे तो भरपूर होतो. काठ वर घ्यायचा की खाली, एवढंच ठरवायचं. इरकली असेल तर काठ खाली ठेवलेला शोभतो, कारण नजर मूर्तीच्या पायाशी जाते. चुण्या टाचण्यांनी धरायच्या, साडीला डिंक लावायचा नाही. समईजवळ सिंथेटिक साडी अजिबात नको, ती पेटली की वितळून अंगाला चिकटते. सुती घ्यावी, आणि तीही ज्योतीपासून हातभर लांब. दहा दिवसांनी साडी धुऊन पुन्हा कपाटात. खर्च शून्य, कचरा शून्य. मोठ्या घरांतल्या आरासींपुढे ही सजावट साधी वाटेल. पण आजीच्या साडीपुढे बसलेला गणपती घरातल्या माणसांना जितका आपला वाटतो, तितका सनबोर्डच्या महालात वाटत नाही.

याहून पुढची पायरी बघायची तर दक्षिण कोकणात आणि गोव्यात जावं. तिथे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात. सिंधुदुर्गात ती माटवी, गोव्यात माटोळी. चौकटीला नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, तवसं, आंब्याच्या डहाळ्या बांधतात आणि त्यांच्या मधून रानातली फळं सोडतात: कांगणीचे पिवळे घोस, कवंडळाची लालभडक फळं. भाद्रपदात परिसरात जे पिकतं आणि फुलतं, ते सगळं देवाच्या डोक्यावर येतं. बांधणाऱ्याला कोणतं फळ कोणत्या रानात मिळतं, कोणतं औषधी, कोणतं कडू, कोणतं दहा दिवस टिकतं आणि कोणतं तिसऱ्या दिवशी गळून खाली येतं, हे माहीत असावं लागतं. जड फळ चौकटीच्या सांध्याजवळ, हलकं मधे, हे त्यातलं साधं शास्त्र. उत्सव संपला की खाण्याजोगं वाटलं जातं, उरलेलं मातीत जातं. गोव्याचं कला आणि संस्कृती खातं माटोळी सजावटीच्या स्पर्धा घेतं, आणि त्यांत लोक शेकडो प्रकारची फळं, पानं, मुळं जमवतात. हल्ली माटोळीचं सामान बाजारात तयार मिळतं. रानात जाणं ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी ती सोय आहे. मात्र विकण्यासाठी रान ओरबाडलं जाऊ नये, ही काळजी घ्यावीच लागेल. घरच्या माटवीला चार घोस लागतात, बाजाराला गाडीभर.

मुंबई-पुण्यातल्या सदनिकेत माटवी कुठे टांगणार, असं कुणी म्हणेल. टांगायची गरज नाही. माटवीतून घ्यायचं ते एवढंच की सजावटीचं सामान ऋतूकडे बघून ठरवावं. दसऱ्याला झेंडू, आंब्याची पानं आणि भाताच्या लोंब्या, श्रावणात तेरडा, संक्रांतीला ज्वारीची कणसं. त्या त्या वेळी ते मुबलक असतं, म्हणून स्वस्त असतं. ऑगस्टमध्ये ऑर्किडचा हट्ट धरला की खर्च वाढणारच.

आता एक अवघड मुद्दा. घरच्या हस्तकलेचं कौतुक करताना ती कोणाच्या वेळेतून होत आली, हे विसरून चालणार नाही. लग्नातलं रुखवत हे त्याचं सगळ्यात मोठं प्रदर्शन. सुपारीचे भटजी-भटजीण, लोकरीची तोरणं, क्रोशाचे रुमाल, मण्यांची पाखरं, खोबऱ्याच्या वाट्यांवरचं कोरीव काम, साखरेची रंगीत सप्तपदी. मंडपातल्या टेबलावर हे मांडलं जाई आणि वरपक्षाच्या बायका बोट लावून टाके बघत. त्यातली कला खरी होती. त्यामागचं दडपणही खरं होतं. मुलीनं दुपारी झोपण्याऐवजी भरतकाम करावं, तिच्या हातच्या टाक्यांवरून तिची किंमत ठरावी, हे कुणाला परत नको आहे. आज रुखवत भाड्यानं मिळतं आणि नोकरी करणारी नवरी ते आणवते, तर त्यात तिचं काहीच चुकत नाही. ती करत असलेली निवड योग्यच आहे.

म्हणून ‘घरी करा’ या सांगण्याचा अर्थ ‘आईनं करावं’ असा होत असेल, तर ते सांगणं बंद करावं. आधीच स्वयंपाक, फराळ, पाहुणे आणि नोकरी सांभाळणाऱ्या बाईच्या डोक्यावर कंदिलाचं ओझं टाकून कोणतंही घर सुंदर होत नाही. कंदील बाबांनी बांधावा, आजोबांनी काड्या तासाव्यात, शेजारच्या मुलांनी कागद कापावा. चाळींमध्ये हे काम पुरुष आणि मुलगे मोठ्या हौसेनं करत आले. माहीमच्या कंदील गल्लीत आजही कंदील बांधणाऱ्यांत तरुण मुलं मोठ्या संख्येनं दिसतात. मग बंद दाराआड गेल्यावर ते एकट्या बाईचं काम कसं काय झालं, याचा विचार प्रत्येक घरानं करावा.

जुन्या बायकांनी मात्र या रिकाम्या म्हणवल्या जाणाऱ्या वेळात जे शोधून काढलं, त्याला तोड नाही. रद्दी कागद दोन-तीन दिवस पाण्यात भिजवायचा, कुटून लगदा करायचा, त्यात भिजवून वाटलेली मेथी मिसळायची आणि पालथ्या भांड्यावर थापून पाट्या वाळवायच्या. विणलेल्या टोपल्यांच्या फटीही याच लगद्यानं बुजवल्या जात. मेथीमुळे लगद्याला चिकटपणा येतो आणि तिच्या कडवटपणानं कीड लांब राहते. डिंकाचा खर्च नाही, औषधाची फवारणी नाही. आज तशा पाटीवर गेरूचा हात आणि तांदळाच्या पिठानं वारलीसारखी चार चित्रं काढली तर दिवाणखान्यात ठेवण्याजोगी फळांची टोपली होते. गोधडीचंही तसंच. जीर्ण लुगडी, धोतरं थरावर थर पसरून कडेपासून मध्यापर्यंत धावदोरा घालत जायचा. विरलेल्या कापडाचे चार-पाच थर धाव्यानं एकत्र धरले की नव्या चादरीपेक्षा जास्त वर्षं टिकतात, कारण ताण प्रत्येक टाक्यात वाटला जातो. परदेशी दुकानांत अशा रजया मोठ्या किमतीला विकल्या जातात. आपल्याकडे त्या शिवणाऱ्या बायांना दाराशी घासाघीस सोसावी लागते. हे चांगलं नाही.

यातून एक आक्षेप निघतो: सगळ्यांनी सगळं घरीच केलं तर कारागिरांनी काय खायचं? उलट आहे. घरात कंदील बांधणारा माणूस बुरुडाकडे काड्या घ्यायला जातो. पुण्याच्या बुरूड आळीत जाऊन बांबू कसा चिरतात हे बघितलेल्या मुलाला सुपाची किंमत जास्त वाटत नाही. माती हातात घेतलेल्याला कुंभाराची पणती कळते, तो दोन रुपयांसाठी वाद घालत नाही. ज्याला कंदील बांधायला वेळ नाही, त्यानं बचत गटाकडून किंवा कंदील गल्लीतून हातानं बांधलेला कंदील घ्यावा. ते पैसे हातांनाच मिळतात. कारागिराचं नुकसान केलं ते साच्यातून हजारोंनी निघणाऱ्या प्लास्टिकनं. घरी बसून काड्या बांधणारा कारागिराचं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक असतो, कारण त्या कामात किती श्रम आहेत हे त्याला कळलेलं असतं.

हस्तकलेच्या नावानं विकल्या जाणाऱ्या तयार किटबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. त्यात सगळं मापात कापलेलं असतं, खुणा केलेल्या असतात, सोबत चित्रांचा कागद असतो. मुलाला फक्त अ वर अ ठेवून चिकटवायचं असतं. वस्तू बिनचूक होते, म्हणून पालकांना ती आवडते. पण मापात कसं कापावं, वाकडं गेलं तर काय करावं, कमी पडलं तर त्याजागी काय वापरावं, हेच तर शिकायचं होतं. किटच्या किमतीत कात्री, मोजपट्टी, दोऱ्याचं रीळ आणि पतंगी कागदाचे भरपूर ताव येतात आणि ते वर्षभर पुरतात. घरात एक जुना डबा असावा: त्यात सुतळी, बटणं, साडीचे काठ, लग्नपत्रिकांचे जाड कागद, खोक्यांचे पुठ्ठे. लग्नपत्रिका हा मराठी घरातला दुर्लक्षित खजिना आहे. जाड, रंगीत, सोनेरी काठाचा इतका चांगला कागद दुकानात पैसे देऊन मिळत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवण्याची सूचना आहे. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांबरोबर काम शिकावं, असं त्यात म्हटलं आहे. कार्यानुभव हा विषय तर महाराष्ट्राच्या शाळांना अनेक दशकांपासून माहीत आहे. म्हणजे नवं धोरण, नवा तास, नवं पुस्तक यातलं काहीच लागत नाही. लागतं ते एवढंच: दिवाळीच्या सुट्टीआधी एका दिवसाचे तीन तास, बुरुडाकडून आणलेल्या काड्यांच्या मोळ्या, कढईभर खळ आणि कंदील बांधता येणारे गावातले तीन-चार आजी-आजोबा. त्यांना शाळेनं मानानं बोलवावं आणि त्यांच्या वेळेचं मानधन द्यावं. चार मुलांचा एक गट, गटामागे चोवीस काड्या. घरून काहीही आणायचं नाही, घरी काहीही पुरं करायचं नाही, म्हणजे पालकांना रात्री दुकान गाठावं लागणार नाही. गुण नकोत, क्रमांक नकोत, ग्लिटर नको. वाकडे झालेले कंदीलही शाळेच्या व्हरांड्यात टांगावेत आणि संध्याकाळी दिवे लावून पालकांना बघायला बोलवावं. मुख्याध्यापकांनी हे यंदाच्याच दिवाळीपासून सुरू करावं, आणि तीन तास देता येत नसतील तर निदान ‘टाकाऊतून टिकाऊ’ची स्पर्धा तरी बंद करावी.